अवकाश वसाहतीच्या शिक्षण-संशोधनासाठी ना-नफा संस्था: पहिल्या बैठकीपासून पहिल्या प्रयोगापर्यंत

अवकाश वसाहतीवर काम करणारी संस्था काढायचे ठरले की पहिल्या बैठकीत मंगळ असतो, फिरती नगरे असतात, हजारो माणसे असतात. नोंदणीचा अर्ज समोर आला की प्रश्न वेगळेच निघतात. संस्थेचे उद्दिष्ट नेमके काय? पैसे कोणाच्या सहीने काढायचे? संस्था बंद पडली तर उपकरणे कोणाकडे जाणार? या दोन टोकांना जोडणारी वाट खाली क्रमाने दिली आहे. नोंदणीचे नियम देशागणिक बदलतात, तिथे तुमच्या स्थानिक सल्लागाराचे ऐका. पण घटनेत काय असावे, कामाचा विषय कसा निवडावा आणि प्रयोग कुठे फसतो, हे सगळीकडे जवळपास सारखेच आहे.

१. आधी एकच प्रश्न निवडा

हवा-पाण्याचे पुनर्चक्रण, शेती, किरणोत्सर्ग, कृत्रिम गुरुत्व, बांधकाम, खाणकाम, कायदा, समाजरचना हे सगळे वसाहतीच्या विषयात येते. नव्या संस्था पहिल्याच माहितीपत्रकात हे सगळे छापतात आणि दोन वर्षांनी दाखवण्यासारखे हाती काही नसते.

भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी १९७७ मध्ये प्रिन्स्टन इथे स्पेस स्टडीज इन्स्टिट्यूट स्थापन केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ३२ किलोमीटर लांब आणि सुमारे साडेसहा किलोमीटर व्यासाची दंडगोलाकार नगरे होती. संस्थेने सुरुवातीला पैसा आणि श्रम घातले ते मात्र ‘मास ड्रायव्हर’ या एका यंत्रावर. चंद्रावरचा माल विद्युतचुंबकीय बळाने अवकाशात फेकायचा, तर तारेच्या वेटोळ्यांतून एक छोटी बादली किती वेग घेऊ शकते, एवढाच प्रश्न. त्याचे उत्तर टेबलावर मोजता येत होते. तुमचा प्रश्नही असाच हवा.

निवडलेला प्रश्न तीन कसोट्यांवर घासून पाहा. वर्षभरात आकड्यात उत्तर मिळेल का? उत्तर नकारार्थी आले तरी ते छापण्याजोगे असेल का? आणि त्या मोजमापात विद्यार्थ्याला खरे काम देता येईल का? तिसरी कसोटी बहुतेक गट विसरतात आणि मग शिक्षण विभाग एकीकडे, संशोधन विभाग दुसरीकडे, अशा दोन अर्ध्या संस्था तयार होतात.

मोठ्या संस्था कुठवर पोचल्या आहेत तेही आधी पाहून घ्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२३ मध्ये पाण्याचे पुनर्चक्रण ९८ टक्क्यांपर्यंत गेले. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने मंगळाच्या वातावरणातून १६ फेऱ्यांत मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढून दाखवला. अशा कामाला लागणारा पैसा आणि चाचण्या छोट्या संस्थेच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. उलट छोट्या बंदिस्त परिसंस्था, कृत्रिम चांद्रमातीतली लागवड, अवकाश कायदा आणि शालेय अभ्यासक्रम इथे चार-पाच जणांचा चिकाटीचा गट खरोखर भर घालू शकतो.

२. मंडळात कोण हवे

पाच किंवा सात विश्वस्त पुरेत. संख्या विषम ठेवा. त्यात हिशेब समजणारा एक, संस्थाविषयक कायदा समजणारा एक, वर्गात प्रत्यक्ष शिकवणारा एक आणि समीक्षित नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केलेला एक हवाच. सगळेच अवकाशवेडे असले तर बैठका रंगतात आणि हिशेबाची वही कोरी राहते.

एकाच घरातल्या दोघांच्या सह्यांवर बँक खाते चालवू नका. पगारी संचालक विश्वस्तही असेल, तर त्याच्या पगाराचा विषय निघाल्यावर त्याने खोलीबाहेर जायचे आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. अनेक देशांत हा कायदाच आहे. नसला तरी पाळा, कारण अनुदान देणारे पहिल्यांदा हेच तपासतात.

नामवंत शास्त्रज्ञांना विश्वस्त करण्याऐवजी वेगळ्या सल्लागार मंडळावर घ्या. त्यांचे नाव आणि छायाचित्र कुठे वापरणार, किती मुदतीसाठी वापरणार, याची लेखी संमती आधी घ्या. तोंडी होकारावर छापलेले नाव नंतर काढावे लागले तर संस्थेची पत जाते.

३. घटना: इथे घाई नको

तयार नमुना उतरवून घेण्याचा मोह इथेच होतो. नमुना घ्या, पण पुढची कलमे स्वतः लिहा.

उद्दिष्ट: ‘मानवजातीचे भवितव्य सुरक्षित करणे’ असे लिहिले तर करसवलत देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात शिक्षणही दिसत नाही आणि संशोधनही नाही. ‘चंद्रावर वसाहत उभारणे’ असे लिहिले तर सवलतच धोक्यात येते, कारण ते धर्मादाय काम ठरत नाही. चालेल अशी शब्दरचना साधारण अशी: ‘पृथ्वीबाहेर माणसाच्या दीर्घकालीन वास्तव्यासाठी लागणाऱ्या विज्ञान, तंत्रज्ञान, कायदा व समाजरचना यांचे शिक्षण देणे, त्यावर संशोधन करणे आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले करणे.’ शेवटचा भाग गाळू नका. सार्वजनिक हिताचा पुरावा त्यातच आहे.

नफावाटपास मनाई आणि विसर्जन: शिल्लक कोणाही सदस्याला वाटता येणार नाही आणि संस्था बंद झाल्यास मालमत्ता समान उद्दिष्टाच्या दुसऱ्या ना-नफा संस्थेकडे जाईल, ही दोन वाक्ये नसतील तर अर्ज परत येतो. विसर्जनाच्या कलमात ‘संशोधनाची विदा आणि नमुने’ हे शब्दही घाला. फर्निचरची वासलात कोणीही लावतो. दहा वर्षांच्या नोंदी असलेली डिस्क मात्र कोणाच्या तरी कपाटात पडून राहते.

बौद्धिक संपदा: स्वयंसेवक, विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी संस्थेच्या साधनांवर केलेल्या कामाचे हक्क कोणाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. श्रेय व्यक्तीचे, वापराचा खुला परवाना संस्थेकडे, ही मांडणी बहुतेकांना पटते.

हितसंबंध: या क्षेत्रात हे कलम विशेष महत्त्वाचे आहे, कारण संस्थापकाची स्वतःची अवकाश कंपनीही असणे इथे नवलाचे नाही. मंगळावर माणसे वसवू पाहणाऱ्या मार्स वन या प्रकल्पात ना-नफा प्रतिष्ठान आणि नफा कमावणारी कंपनी अशी जोडी होती. कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा प्रतिष्ठानाला तिच्यापासून वेगळे ओळखणे लोकांना जमले नाही. अशी जोडी टाळता येत नसेल तर मंडळे वेगळी, खाती वेगळी, पत्ता वेगळा ठेवा आणि दोघांमधला प्रत्येक व्यवहार लेखी कराराने करा.

याशिवाय गणपूर्ती, विश्वस्तांची मुदत (तीन वर्षे, लागोपाठ दोनच वेळा) आणि घटनादुरुस्तीसाठी दोन तृतीयांश बहुमत.

४. नाव आणि नोंदणी

‘विद्यापीठ’, ‘राष्ट्रीय’, काही ठिकाणी ‘इन्स्टिट्यूट’ हे शब्दही परवानगीशिवाय नावात घेता येत नाहीत. लेटरहेड छापण्याआधी विचारून घ्या. अवकाश संस्थांची बोधचिन्हे शैक्षणिक कामासाठीही परवानगीशिवाय वापरू नका. नासाच्या बोधचिन्हाचे नियम तर कडक आहेत. पदवी देण्याचा अधिकार नसेल तोवर ‘सहभाग प्रमाणपत्र’ किंवा ‘अभ्यासक्रम पूर्णत्व प्रमाणपत्र’ एवढेच लिहा.

जमवायची कागदपत्रे:

- घटना किंवा न्यासपत्र, सर्व संस्थापकांच्या सह्यांसह
- स्थापना बैठकीचे इतिवृत्त आणि पदाधिकारी नेमणुकीचा ठराव
- विश्वस्तांची ओळख व पत्त्याचे पुरावे, संमतिपत्रे
- कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचे ना-हरकत पत्र
- तीन वर्षांचे कामाचे टिपण आणि अंदाजपत्रक
- हितसंबंध धोरण, प्रत्येक विश्वस्ताच्या सहीचे
- बँक खाते उघडण्याचा ठराव, दोन सह्यांच्या अटीसह
- करसवलतीचा स्वतंत्र अर्ज

शेवटच्या ओळीत फसगत होते. नोंदणी झाली म्हणजे करसवलत मिळाली असे नाही. बहुतेक देशांत या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. परदेशातून देणगी घ्यायची तर तिसरीही असू शकते. परवानगी हातात येण्याआधी खात्यात आलेली परदेशी रक्कम मोठा मनस्ताप देते, म्हणून देणगीचे ऑनलाइन बटण त्याआधी सुरू करू नका.

५. पैसा

निर्बंधित (ठरावीक कामासाठीच दिलेली) आणि अनिर्बंधित (कोणत्याही कामाला वापरता येणारी) देणगी पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यांत किंवा निदान हिशेबाच्या वेगळ्या शीर्षांखाली ठेवा. उपकरणासाठी आलेल्या रकमेतून वीजबिल भरले तर हेतू कितीही चांगला असला तरी तो विश्वासभंगच. अनुदानाच्या अर्जात कार्यालयीन खर्चाची ओळ लाजून गाळू नका. ती गाळली की प्रत्येक नव्या अनुदानागणिक तूट वाढत जाते.

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा पाच वर्षांचे वचन देणारे छोटे वर्गणीदार जास्त मोलाचे, कारण वसाहतीच्या विषयातले प्रयोग हंगामामागून हंगाम चालतात. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा राखीव निधी होईपर्यंत पगारी माणूस नेमू नका. आणि देणगीच्या बदल्यात चंद्रावरचा भूखंड, वसाहतीतली जागा, असले काही कधीही देऊ नका. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे दुसरे कलम खगोलीय पिंडांवर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगू देत नाही. तिथल्या जमिनीचा कागद विकणे म्हणजे देणगीदाराची फसवणूक.

६. पहिला प्रयोग: एक घनमीटरची बंद पेटी

छोट्या संस्थेसाठी याहून चांगली सुरुवात क्वचितच सापडेल. पारदर्शक बाजूंची, एक घनमीटर घनफळाची पेटी, आत रोपे, आणि हवेची देवाणघेवाण शून्याच्या जवळ. वसाहतीतल्या हवेचा सगळा प्रश्न या पेटीत लहान रूपात येतो.

साहित्य: पॉलीकार्बोनेट किंवा काचेची पेटी, दाबून बसणारे रबरी गास्केट, ७० लिटरची मऊ पिशवी, छोटा पंखा, कार्बन डायॉक्साइड, तापमान, आर्द्रता आणि दाब यांचे संवेदक, नोंदी साठवणारे यंत्र, आणि पेटीच्या बाहेर बसवायचे एलईडी दिवे. दिवे आत ठेवले तर त्यांची उष्णताच प्रयोग चालवू लागते.

*पिशवी कशाला?* पूर्ण बंद पेटीतली हवा १० अंशांनी तापली तर दाब सुमारे ३.४ टक्के वाढतो. एक चौरस मीटरच्या भिंतीवर ते साडेतीनशे किलो वजनाइतके बळ होते. झाकण उचलले जाते किंवा जोड फाटतो. पेटीला जोडलेली मऊ पिशवी फुगून ते सामावून घेते. नुसत्या कोरड्या हवेला ३४ लिटर लागतात, पण आत रोपे असल्याने हवा दमट असते आणि २० वरून ३० अंशांवर जाताना वाफेचा दाबही वाढतो. म्हणून ५५ लिटरांची गरज धरून ७० लिटरची पिशवी घ्या. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ या माणसांसह बंद केलेल्या भल्यामोठ्या काचघरात याच कामासाठी इमारतीएवढी दोन ‘फुप्फुसे’ बांधली होती.

*गळती आधी मोजा.* पेटी रिकामी ठेवा, पंखा चालू करा, आत थोडा कार्बन डायॉक्साइड सोडून प्रमाण २,४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २,४०० भाग) आसपास न्या आणि तापमान स्थिर ठेवून २४ तास नोंदी घ्या. बाहेरची पातळी वजा करून उरलेला जादा वायू किती वेळात निम्मा होतो ते पाहा. निम्मा व्हायला २४ तास लागले तर गळती तासाला सुमारे २.९ टक्के; हे फार झाले. दहा दिवस लागले तर तासाला ०.३ टक्क्याहून कमी. कामाला सुरुवात करता येईल. हा आकडा प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. तो नसेल तर पुढच्या सगळ्या आलेखांना अर्थ उरत नाही.

*काय बिघडते आणि का:*

स्वस्त कार्बन डायॉक्साइड संवेदकांत स्वयंचलित पायारेषा-दुरुस्ती चालू असते. काही दिवसांतली सर्वांत कमी नोंद म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे तो संवेदक गृहीत धरतो. बंद पेटीत ताजी हवा कधी येतच नाही, त्यामुळे आठवड्याभरात आकडे सरकतात आणि तुम्हाला वाटते रोपे वायू खात आहेत. ही सोय सुरुवातीलाच बंद करा आणि दर पंधरवड्याला संवेदक ज्ञात मिश्रणावर तपासा.

ऑक्सिजन संवेदकावर पहिल्या महिन्यात विसंबू नका. कार्बन डायॉक्साइड १,००० पीपीएमने घटला तर ऑक्सिजन फक्त ०.१ टक्क्याने वाढतो, आणि बहुतेक स्वस्त संवेदकांची चूकच त्याहून मोठी असते.

आंबूस वास येणारे सिलिकॉन जोडांना लावू नका. सुकताना ते ॲसेटिक आम्ल सोडते. पाने करपतात, तांब्याचे जोड गंजतात. ‘न्यूट्रल क्युअर’ प्रकारचे घ्या आणि आठवडाभर उघड्यावर सुकू द्या.

पाने विनाकारण गुंडाळू लागली किंवा फुले गळाली तर एथिलीनचा संशय घ्या. हा वायू रोपेच सोडतात. उघड्या शेतात तो उडून जातो, बंद जागेत साचतो. रशियाच्या मीर अवकाश स्थानकावर १९९६ मध्ये लावलेल्या गव्हाला ओंब्या आल्या पण दाणे भरले नाहीत. कारण एथिलीनच निघाले. पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्यांची छोटी गाळणी हवेच्या वाटेवर बसवली की बरेचसे निभावते.

आणि माती. पहिल्या फेरीत सेंद्रिय खताची माती अजिबात नको, पोषक द्रावणात रोपे वाढवा. बायोस्फिअर २ मध्ये १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ जण राहिले. सुमारे सोळा महिन्यांत तिथला ऑक्सिजन २०.९ वरून १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि शेवटी बाहेरून भरावा लागला. सुपीक मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तो वापरून कार्बन डायॉक्साइड सोडला, आणि तो वायू उघड्या काँक्रीटने शोषून घेतल्याने हवेत हिशेबाएवढा दिसेना. तुमच्या पेटीतही सिमेंट, चुना किंवा चुनखडी ठेवू नका; ठेवलीच तर आधी रोपांशिवाय एक फेरी चालवा.

या पेटीत किंवा हिच्या कोणत्याही मोठ्या आवृत्तीत माणसाला बंद करू नका. माणूस दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन वापरतो आणि साधारण एक किलो कार्बन डायॉक्साइड सोडतो. छोट्या जागेतली हवा काही तासांत धोकादायक होते.

७. शिक्षण: चित्रे कमी, आकडे जास्त

वसाहतीवरच्या शालेय प्रकल्पांत सुंदर चित्रे असतात, एकही मोजमाप नसते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पाठ एका गणिताभोवती बांधायचा.

उदाहरण फिरत्या नगराचे. केंद्राकडचे त्वरण म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. मिनिटाला एक फेरी आणि पृथ्वीइतके गुरुत्व हवे तर त्रिज्या ८९४ मीटर येते. दोन फेऱ्या केल्या तर २२४ मीटर. इथवर आल्यावर मुलांना सांगा की १९७५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात झालेल्या उन्हाळी अभ्यासात दहा हजार लोकांच्या नगराचा व्यास १.८ किलोमीटर का धरला होता. उत्तर त्यांच्याच वहीत असते. मग विचारा, दोन फेऱ्या करून नगर लहान का नाही केले? इथून कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवापर्यंत चर्चा आपोआप जाते.

दुसरा पाठ किरणोत्सर्गाचा. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळ-रोव्हरच्या मोजमापांनुसार प्रवासात दिवसाला सुमारे १.८ आणि मंगळाच्या पृष्ठभागावर सुमारे ०.६७ मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचे एकक). जाण्या-येण्याचे १८० दिवस प्रत्येकी आणि मुक्काम ५०० दिवस धरा. बेरीज ९८० च्या पुढे जाते. नासाची अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६०० आहे. वसाहतीला मातीचे जाड आच्छादन का लागते, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना पेटीच्या नोंदी कच्च्या स्वरूपात द्या आणि गळतीचा आकडा त्यांनाच काढू द्या. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत की खरा धडा तिथे सुरू होतो.

८. सुरक्षितता आणि परवानग्या

कृत्रिम चांद्रमाती आणि मंगळमाती विकत मिळते. तिची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. काही प्रकारांत स्फटिकी सिलिकाही असतो. वजन करणे, ओतणे ही कामे धूळ ओढून घेणाऱ्या कपाटात, मापाने बसणारा श्वसन-मुखवटा लावून करा. सांडलेले ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. शाळकरी मुलांच्या हाती कोरडी पूड कधीही देऊ नका. ओली करून कुंडीत भरलेलीच द्या.

निष्कर्ष लिहितानाही जपा. फिनिक्स यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीनयुक्त, अपायकारक क्षार सापडले. विकत मिळणाऱ्या बऱ्याच कृत्रिम मातीत ते नसते. तेव्हा ‘मंगळाच्या मातीत पालक उगवला’ असे पत्रक काढू नका. मातीचे नेमके नाव, परक्लोरेट घातले की नाही आणि खत किती दिले, हे लिहा. फ्लोरिडा विद्यापीठात २०२२ मध्ये खऱ्या चांद्रमातीत थॅलेक्रेस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीची रोपे उगवली. ती खुंटलेली होती आणि त्यांच्यात ताणाच्या खुणा होत्या, हे संशोधकांनी स्पष्ट लिहिले. तोच दंडक ठेवा.

माणसांवरचे विलगीकरणाचे प्रयोग सुरुवातीला नकोच. मॉस्कोतला मार्स-५०० हा ५२० दिवसांचा आणि नासाचा २०२३-२४ मधला ३७८ दिवसांचा चापिया प्रयोग, दोन्हींमागे वैद्यकीय पथके आणि नैतिकता समित्या होत्या. साधी प्रश्नावली भरून घ्यायची असली तरी नैतिकता समितीची मंजुरी घ्या. स्वतःची समिती नसेल तर एखाद्या विद्यापीठाशी करार करा. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासा आणि कोणाही मुलाला एकट्या प्रौढासोबत ठेवू नका.

परदेशी भागीदार असतील तर निर्यात-नियंत्रणाचा नियम पाहा. अवकाशाशी संबंधित काही रेखाचित्रे नुसत्या ईमेलने पाठवणेही काही देशांत निर्यात ठरते. संस्थेचे सगळे काम खुले प्रसिद्ध करायचे, हे धोरण घटनेत असेल तर ही गुंतागुंत बरीच कमी होते, पण भागीदाराकडून गोपनीय रेखाचित्र घेतले की पुन्हा सुरू होते.

९. पहिल्या वर्षाचा अहवाल

लेखापरीक्षित हिशेब, बैठकांची संख्या आणि उपस्थिती, पेटीची गळती, सगळ्या फेऱ्यांच्या कच्च्या नोंदी (फसलेल्याही), वापरलेल्या संवेदकांचे क्रमांक आणि तपासणीच्या तारखा, किती विद्यार्थ्यांनी कोणते मोजमाप केले, हे एकाच जागी प्रसिद्ध करा. नोंदींच्या फाइली साध्या मजकूर-तक्त्यांच्या स्वरूपात ठेवा. विशिष्ट सॉफ्टवेअरशिवाय न उघडणारी फाइल पाच वर्षांनी कोणालाच वाचता येत नाही. प्रत्येक स्तंभाचे एकक पहिल्या ओळीत लिहा आणि एक प्रत संस्थेबाहेरच्या ग्रंथालयाकडे किंवा खुल्या विदासंग्रहाकडे द्या. अहवालाची तारीख विश्वस्तांच्या वार्षिक बैठकीच्या एक महिना आधीची ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्रश्न आणि त्याचे अंदाजपत्रक हे आकडे समोर ठेवून ठरवता येईल.